खेळातील सुरांची पडताळणी

चित्रपटात, जाहिरातीत किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकेत जे जे संगीत वाजते त्याची एक फेरिस्त तयार करावी लागते. आमच्या धंद्यात तिला क्यू-शीट म्हणतात. ही क्यू-शीट भरण्यात, दुसऱ्यांनी भरलेली तपासण्यात आणि तिच्यातील प्रत्येक नावामागे खरोखर कोणी मनुष्य उभा आहे की नाही याची खातरजमा करण्यात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला. दफ्तर मुंबईच्या फोर्ट विभागात, एका जुन्या इमारतीत. काम कारकुनाचे, परंतु त्याचे मुख्य साधन कान. फेरिस्तीचे रकाने वर्षानुवर्षे ठरलेले असत: रचनेचे नाव, रचनाकार, संयोजक, प्रकाशक, वादक, ध्वनिमुद्रणाचा मालक, आणि ती रचना किती मिनिटे व किती सेकंद वाजली याचा हिशेब. यांतला शेवटचा रकाना वरकरणी सर्वांत निरुपद्रवी. पण व्हिडिओ गेमच्या फेरिस्ती आमच्या मेजावर येऊ लागल्या तेव्हा पहिला खोडा घातला तो यानेच.

चित्रपटातील सुरावट कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे दिग्दर्शकाने एकदा ठरविले म्हणजे ते सर्व प्रेक्षकांना सारखेच लागू होते. खेळात तसे नाही. एक मुलगा दाराशी क्षणभर थांबून आत जातो, तर दुसरा त्याच दाराशी किल्ली शोधीत अर्धा तास घालवितो, आणि त्या अर्ध्या तासात तीच सुरावट गोल गोल फिरत राहते. याहून पुढची पायरी म्हणजे संगीतच खेळणाऱ्याच्या हालचालींप्रमाणे जुळत आणि तुटत जाणे. २०१९ साली मेलबर्नच्या हाउस हाउस या मंडळींनी ‘अनटायटल्ड गूज गेम’ नावाचा खेळ काढला. त्यात एक खोडसाळ कलहंस इंग्लंडातल्यासारख्या एका टुमदार खेड्यात माळ्याच्या किल्ल्या पळव, कोणाचा चष्मा लांबव असले उद्योग करीत हिंडतो, आणि त्याच्या मागोमाग पियानो वाजत असतो. संगीतकार डॅन गोल्डिंग याने क्लोद देब्यूसीच्या ‘प्रेल्यूड’ मालिकेतील काही रचना घेतल्या, प्रत्येकीची एक मूळ जोमाची आणि एक दबकी, सावध अशी दोन वादने तयार केली, आणि दोहोंचे दोन-दोन मात्रांचे तुकडे पाडले. कलहंस दबा धरून बसला आहे, की पळतो आहे, की नुसताच तळ्यात पोहतो आहे, हे पाहून यांतला कोणता तुकडा वाजवावयाचा किंवा काहीच वाजवावयाचे नाही, याचा निर्णय त्या-त्या क्षणी यंत्र करते. ऐकणाऱ्याला वाटते की कोणी वादक पडद्याआड बसून पाखराकडे बघत साथ करीत आहे. अशाच धर्तीच्या एका खेळाची फेरिस्त आमच्याकडे आली तेव्हा कालावधीच्या रकान्यात काय लिहावे यावर दफ्तरात बराच खल झाला, आणि अखेर मी तेथे ‘खेळाच्या गतीनुसार’ असा शेरा मारून कागद पुढे रवाना केला. तपासनिसांकडून हरकत आली नाही. बहुधा त्यांच्याजवळही याहून बरे उत्तर नसावे.

देब्यूसीचा तो कलहंसाचा खेळ मला या क्षेत्रातील उत्कृष्ट कामगिरी वाटतो, परंतु सुरावट ओळखणाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा कठीण मामला आहे. आपला कान रचनेला ओळखतो तो बहुशः तिच्या आरंभावरून, आणि येथे आरंभ हाती लागेलच अशी शाश्वती नसते. जे ऐकू येते ते मधलेच दोन घास आणि मग शांतता. १९१० आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या दोन संचांतील रचना ज्याने पूर्वी पुरत्या ऐकल्या आहेत, त्यालाच त्या तुकड्यांतून त्या पुन्हा जोडता येतात.

हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या श्रोत्याची येथे आणखी एक अडचण होते. मैफलीत गवयाने दोन आलाप घेतले, निषादाचे लगाव दाखविले, की शेजारचे जाणते गृहस्थ हळूच ‘पूरिया’ असे पुटपुटतात आणि समाधानाने मान डोलावतात. त्यांचे ओळखण्याचे काम तेथे जवळजवळ पुरे झालेले असते, चीज कोणती हा पुढचा आणि काहीसा दुय्यम प्रश्न. पाश्चात्त्य अभिजात संगीतात हा क्रम चालत नाही. तेथे ‘जी मायनर’ एवढे ओळखून काही हाती येत नाही. त्या स्वरपट्टीत शेकडो रचना आहेत, आणि क्यू-शीटला हवी असते ती एकच, तिच्या क्रमांकासह, भागासह, आणि असल्यास संयोजकाच्या नावासह. माझे पहिले शिक्षण गिरगावातल्या घरी पेटीवर झाले आणि दुसरे धोबीतलावच्या एका गोमंतकीय व्हायोलिनवादकाकडे. ते मास्तर साष्टीतल्या आपल्या गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेले, पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसलेले. ‘छाया’ (१९६१) या चित्रपटात सलील चौधरींनी तलत महमूद आणि लता मंगेशकर यांच्या द्वंद्वगीताला मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा मुखडा कसा दिला हे त्यांनी मला व्हायोलिनवर वाजवून दाखविले तेव्हा, एखादी सुरावट घर सोडून दुसऱ्याच्या घरी किती सुखाने नांदू शकते, याची मला प्रथम जाणीव झाली. मी उतावळेपणाने रचनेचे नाव विचारले की ते म्हणत, “पयलीं आयक, नांव मागीर.” या हुकुमाबरहुकूम वागण्याची सवय पुढे दफ्तरात फार उपयोगी पडली.

जुन्या खेळांतील सुरावट ओळखावयाची तर आधी जुन्या यंत्रांची दरिद्री अवस्था ध्यानात घ्यावी लागते. ब्रिटनमधील झेडएक्स स्पेक्ट्रम या स्वस्त घरगुती संगणकात ध्वनीची सोय म्हणजे एक भोंगा, चालू किंवा बंद एवढेच जाणणारा. तरीही मॅथ्यू स्मिथ याच्या ‘मॅनिक मायनर’ (१९८३) या खेळात आरंभी योहान श्ट्राउसचे ‘ब्लू डॅन्यूब’ वाजते आणि खाणीत उतरल्यावर एडवर्ड ग्रीगच्या ‘पीअर गिंट’मधील पर्वतराजाच्या दरबाराची ती सुप्रसिद्ध पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी सुरावट अखंड चालू राहते. कमोडोर ६४ या संगणकाच्या ध्वनिचिपेत तीन आवाज होते. ‘एलीट’ या अंतराळखेळाच्या त्या आवृत्तीत यान अवकाशस्थानकात आपोआप शिरताना पुन्हा तेच ‘ब्लू डॅन्यूब’ ऐकू येते, आणि ते श्ट्राउसकडून थेट आलेले नसून स्टॅन्ली कुब्रिकच्या १९६८च्या चित्रपटामार्गे आलेले आहे, हे चित्रपट पाहिलेल्या कोणाच्याही ध्यानात येते. निंटेंडोच्या गेम बॉयमध्ये चार मार्ग: दोन चौकोनी लहरींचे, एक ठरवून दिलेल्या लहरीचा, आणि एक नुसत्या खरखरीचा, ज्याच्यावर तबल्या-ढोलाची गरज भागवायची. शंभर वादकांचा वृंद या चार मार्गांत बसवायचा म्हणजे मधल्या सगळ्या स्वरपंक्तींना रजा देणे आले. उरतो तो वरचा सूर आणि खालचा खर्ज. अशा वेळी ओळखणाऱ्याला जे ऐकू येते त्यावर विसंबून भागत नाही, काय गळले असेल त्याचाही अदमास घ्यावा लागतो.

तथापि काही रचना या दारिद्र्यातही निभावतात, आणि त्या का निभावतात हे शोधण्यात मला नेहमी आनंद वाटत आला. ‘टेट्रिस’ हा मॉस्कोत अलेक्सी पाझित्नोव याने १९८४ साली रचलेला, पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ. १९८९ साली गेम बॉयवर तो आला तेव्हा हिरोकाझू तानाका याने त्याच्या संगीताचे संयोजन केले. सर्वांच्या तोंडी बसलेली त्यातली चाल म्हणजे ‘कोरोबेयनिकी’ हे रशियन लोकगीत, ज्याचे शब्द नेक्रासोवच्या १८६१ सालच्या काव्यातून आलेले. तिला अभिजात म्हणून जे नोंदवितात ते चूक करतात. परंतु त्याच खेळात तिसऱ्या क्रमांकावर निवडता येते ते बाखच्या तिसऱ्या फ्रेंच सूटमधील मिन्युएट. ही रचना मुळातच बहुतांशी दोन पंक्तींची, उजव्या हाताची एक आणि डाव्या हाताची एक. तेव्हा दोन चौकोनी लहरींच्या यंत्रात शिरताना तिला काहीच टाकून द्यावे लागले नाही. त्याच वर्षी निंटेंडोच्या दूरचित्रवाणीला जोडायच्या यंत्रावर निघालेल्या टेट्रिसमध्ये चायकोव्स्कीच्या ‘नटक्रॅकर’मधील शुगर प्लम परीचे नृत्य आहे. १८९२ साली चायकोव्स्कीने ते लिहिले ते सेलेस्टा या त्या वेळी नवीनच निघालेल्या वाद्यासाठी, ज्याचा किणकिणता आवाज कोणत्याही परिचित वाद्यासारखा वाटू नये हाच हेतू होता. चिपेचा किणकिणाट हा त्या हेतूचा फार दूरचा नातलग नव्हे. याउलट ‘जायरस’ (१९८३) या खेळाने बाखच्या नावावरील डी मायनरमधील टोकाटा आणि फ्यूग उचलला. त्या भव्य ऑर्गनवादनाचा गाभाच मुळी देवळाच्या छतापर्यंत घुमणाऱ्या नादात असल्यामुळे येथे राहिली ती फक्त ओळखीची खूण. ती रचना खरोखर बाखचीच काय, याविषयीही १९८१पासून जाणकारांत वाद चालू आहे, पण क्यू-शीटमध्ये शंकेला रकाना नसतो.

गतीचाही घोटाळा असे. त्या काळच्या यंत्रांत संगीताची मात्रा बहुधा पडद्याच्या ताजेतवाने होण्याच्या वेगावर बांधलेली असे. जपान आणि अमेरिकेत तो वेग सेकंदाला साठ, युरोपात आणि आपल्याकडे पन्नास. परिणामी जपानात द्रुत लयीत बांधलेली सुरावट युरोपच्या घरात मध्य लयीकडे झुकलेली ऐकू येई. नव्वदीच्या दशकात आपल्या घरोघरी आलेल्या, ‘कॅसेट’ घालून चालणाऱ्या टीव्ही गेमवर ज्यांचे बालपण गेले, त्यांनी पुढे मूळ जपानी आवृत्ती ऐकली की त्यांना ती उगाच घाईत असल्यासारखी वाटते. ओळखणाऱ्याने लयीला पुरावा मानू नये, एवढे त्यावरून मी शिकले.

या सर्व विद्येची कसोटी लागली ती पुण्याच्या एका लहानशा कंपनीच्या खेळामुळे. खेळ भयकथेच्या वळणाचा: एक ओसाड वाडा, त्यात कुलूपबंद खोल्या, आणि सर्वांत वर माळा. संगीत करणारा मनुष्य परदेशी, कामापुरता नेमलेला आणि काम संपताच पांगलेला. त्याने दिलेल्या ध्वनिफितींपैकी एकीवर ‘माळा, फेरा तीन’ याखेरीज काही लिहिलेले नव्हते. खेळ बाजारात आणण्यापूर्वी प्रकाशकाला प्रत्येक सुरावटीचा दाखला हवा होता, आणि ही एकच रिकामी राहिली होती. ती घेऊन आलेला पोरगेलासा प्रोग्रॅमर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला, “मॅडम, शोपँ असणार. इतकं दुःखी पियानो दुसऱ्या कुणाचं असतं?” दुःखी पियानो म्हणजे शोपँ ही समजूत आपल्याकडे इतकी रुजलेली आहे की, मी ती खोडून काढण्याच्या भरीस पडले नाही. त्याने आधीच फोनमधल्या शाझॅमला तीन-चार वेळा विचारून पाहिले होते आणि ते मूग गिळून बसले होते.

ते मूग गिळून का बसले हे सांगण्याजोगे आहे. शाझॅमची पद्धत एव्हरी वांग याने २००३ साली मांडली: ध्वनीच्या आलेखातील सर्वांत ठळक बिंदू वेचून त्यांच्या जोड्या जमवायच्या आणि त्या नकाशाची आपल्या भांडारातील ध्वनिमुद्रणांशी गाठ घालायची. गजबजलेल्या हॉटेलातही ती चालते, कारण गोंगाटाने बिंदू झाकले गेले तरी पुरेसे शिल्लक राहतात. परंतु ती ओळखते ते विशिष्ट मुद्रण, विशिष्ट वादकाने विशिष्ट दिवशी केलेले. तीच रचना दुसऱ्या कोणी वाजविली, लय बदलली, पट्टी बदलली, पियानोऐवजी खेळण्यातल्या पेटीचा आवाज दिला, की तिच्या लेखी ती परकी. पुण्याच्या त्या फितीत नेमके हेच झाले होते. आवाज किल्लीच्या संगीतपेटीचा, लय अतिविलंबित, आणि फेरा असा कापलेला की वाक्य मध्यापासून सुरू होऊन मध्यावरच संपे.

मी प्रथम पेटी पुढे ओढली आणि ऐकले तसे स्वर सरगमात लिहून काढले. फेरा पंचमावर सुरू होत होता, पण दोन-तीनदा ऐकल्यावर ध्यानात आले की पंचम हा वाक्याचा आरंभ नसून विश्रांतीचे ठिकाण आहे आणि खरा आरंभ त्यापुढच्या कोमल गंधारावर आहे. तेथून सुरावट उडी घेऊन तार षड्जाला जाते आणि कोमल निषाद, कोमल धैवत असे उतरत पंचमावर येऊन टेकते. मग तेच पाच स्वर पुन्हा. आपल्या कानाला आसावरीच्या उतरणीची आठवण व्हावी असे ते स्वर. हे लिहिल्यावर कपाटातून बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांचा १९४८ सालचा कोश काढला. त्यात सुमारे दहा हजार मुखडे असून शेवटी एक विलक्षण सूची आहे: प्रत्येक मुखडा ‘सी’ या एकाच स्वरपट्टीत आणून त्याच्या स्वरांची अक्षरे वर्णानुक्रमाने लावलेली. गवयाचा षड्ज काळी दोनचा असो की पांढरी पाचचा, लिहिताना तो ‘सा’च लिहावयाचा, या आपल्या व्यवहाराशी ती पद्धत तंतोतंत जुळते, आणि म्हणूनच पेटीवर वाढलेल्या माणसाला तो कोश परका वाटत नाही. मात्र माझी पाच अक्षरे त्यात सापडली नाहीत.

दुसरे पुस्तक डेनिस पार्सन्स याचे, १९७५ सालचे. या गृहस्थाने स्वरांची नावेच रद्द केली. पहिल्या स्वरानंतर दुसरा वर गेला, खाली आला, की तोच राहिला, एवढेच लिहायचे. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा जगप्रसिद्ध आरंभ या लिपीत ‘तोच, तोच, खाली, वर, तोच, तोच, खाली’ असा उतरतो, आणि ज्याला स्वरज्ञान नाही असा मनुष्यही तो नुसत्या बोटांनी दाखवून शोधू शकतो. संगीतज्ञांनी या पुस्तकाला नाके मुरडली असतील. माझ्या मते ते कानाच्या स्मृतीविषयी पुष्कळ शहाण्या ग्रंथांहून अधिक सांगून जाते, कारण आपल्याला आठवते ती आधी चालीची आकृती, आणि श्रुतींचा हिशेब मागाहून जुळतो. माझी सुरावट एकदा वर आणि मग तीनदा खाली अशी होती. एवढ्या खुणांवर उतरणाऱ्या मुखड्यांची गर्दी अर्थातच फार मोठी, आणि ती सगळी चाळण्याइतका वेळ नव्हता. परंतु पार्सन्सने एक काम केले: त्याने माझ्या डोक्यातून कोमल आणि शुद्ध यांचा भेद क्षणभर पुसून टाकला. आकृती तीच ठेवून मी गंधार, निषाद, धैवत शुद्ध केले, लय दुपटीने वाढविली, आणि पेटीवर ग, तार सा, नि, ध, प असे वाजविले.

दुसरा फेरा पुरा होण्याच्या आत नाव ओठांवर आले. रॉबर्ट शूमानच्या ‘किंडरझेनेन’ या १८३८ सालच्या तेरा छोट्या पियानोरचनांपैकी ही पहिली. परक्या देशांविषयी आणि परक्या माणसांविषयी असे तिचे शीर्षक. पियानो शिकणाऱ्या पुष्कळ मुलांच्या हाताखालून ती जाते, जरी शूमानने ती मुलांनी वाजवावी म्हणून नव्हे, तर मोठ्यांनी बालपण आठवावे म्हणून लिहिली होती. संयोजकाने तिचे तीन स्वर कोमल केले होते, इतकेच. बार्लोच्या सूचीत ती अर्थात होती, पण शुद्ध स्वरांच्या अक्षरांखाली. मी जी दारे ठोठावीत होते त्यांच्यामागे ती कधीच नव्हती.

प्रोग्रॅमरला मी मूळ रचना संगणकावर ऐकविली आणि मग त्याची फीत. तो काही वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ताई, त्या माळ्यावर गोष्टीत मुलांची खोली आहे. पण हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं, नुसतं चित्र पाठवलं होतं.” ‘मॅडम’ची ‘ताई’ झाली होती, आणि कामाच्या दृष्टीने ही बढतीच म्हणायची. चित्रातील मोडका पाळणा पाहून त्या अज्ञात संयोजकाने बालपणावरची रचना निवडली आणि तिचे शुद्ध स्वर काढून घेतले. खेळ लिहिणाऱ्यांनाही कळू न देता त्याने कथेवर केलेले ते भाष्य होते. व्हिडिओ गेममधल्या संगीताकडे जे लोक केवळ भरताड म्हणून पाहतात त्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगत असते.

नाव सापडले म्हणजे दफ्तराचे काम संपले असे मात्र नव्हे. किंबहुना तेथून ते सुरू होते. शूमान १८५६ साली वारला, तेव्हा त्याच्या रचनेवर कोणाचा हक्क उरलेला नाही. परंतु स्वर कोमल करून, लय बदलून केलेले संयोजन ही नवी कृती आहे आणि तिचा हक्क जिवंत मनुष्याचा आहे. सुदैवाने करारनाम्याच्या एका जोडपत्रात तो कंपनीच्या नावे केलेला निघाला. ध्वनिमुद्रण हा तर तिसराच मामला. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो (पूर्वी ही मुदत पन्नास होती, रवींद्रनाथांचे वाङ्मय हक्कमुक्त होऊ लागले तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली), आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे. म्हणून बीथोव्हन फुकट असला तरी काल-परवाच्या वाद्यवृंदाने वाजविलेला बीथोव्हन फुकट नसतो. ही साधी गोष्ट समजावून सांगण्यात माझा जितका घसा कोरडा पडला तितका दुसऱ्या कशात पडला नाही.

त्याहून फसवे असतात ते जुन्याचा वेष घेतलेले नवे. आल्बिनोनीचा म्हणून सर्वत्र वाजणारा जी मायनरमधील आडाजो अठराव्या शतकाचा समजून खेळात घालणारे आमच्याकडे एकाहून अधिक आले. तो वास्तविक रेमो जाझोत्तो या इटालियन संगीत-संशोधकाने १९५८ साली प्रसिद्ध केला आणि त्याचाच तो मानला जातो. जाझोत्तो १९९८ साली वारला, म्हणजे आपल्याकडे त्याची मुदत २०५८च्या अखेरपर्यंत. ‘कार्मिना बुराना’चे लॅटिन शब्द मध्ययुगीन असल्यामुळे संगीतही तितकेच जुने असेल असे वाटते, पण ते कार्ल ऑर्फचे, आणि ऑर्फ गेला १९८२ साली. उलट दिशेचा घोटाळा निरुपद्रवी असतो: बाखच्या नावाने प्रत्येक पियानोविद्यार्थी वाजवितो तो जी मेजरमधला छोटा मिन्युएट हा ड्रेस्डेनच्या क्रिस्टियान पेट्झोल्डचा आहे, तेव्हा पैसे कोणाला द्यावयाचे नसले तरी नाव बरोबर लिहिले पाहिजे, आणि मी ते लिहावयास लावीत असे.

मुदतीच्या मोजणीने खुद्द मोठमोठ्यांची धांदल उडविली आहे. निंटेंडोचे कोजी कोंडो यांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या आरंभीसाठी मॉरिस रावेलचा ‘बोलेरो’ योजिला होता; खेळ १९८६च्या फेब्रुवारीत निघायचा, आणि रावेल वारला १९३७च्या डिसेंबरात. पन्नास वर्षे भरलेली नाहीत हे ऐनवेळी ध्यानात आले आणि कोंडोंना घाईघाईने स्वतःची सुरावट रचावी लागली. आज तीच त्या खेळाची ओळख आहे, आणि ‘बोलेरो’ असता तर खेळाचे काही भले झाले असते असे मला वाटत नाही. त्या ‘बोलेरो’चे हक्क फ्रान्सात २०१६च्या मे महिन्यात संपले आणि अमेरिकेत २०२५च्या आरंभी.

आता निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीची तरुण मंडळी फोनवर एखादा सूर पाठवून ‘हे काय आहे?’ असे विचारतात, आणि मला ते आवडते. त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. नुसते ‘त्या खेळातले दुःखी पियानो’ असे न लिहिता खेळाचे नाव, वर्ष, यंत्र आणि सुरावट कोणत्या टप्प्यावर वाजते ते लिहावे. फीत पाठविता आली तर उत्तम, नाही तर स्वतः गुणगुणून पाठवावे, बेसूर असले तरी चालेल, कारण चालीची चढउतार बेसुरातही टिकते. आणि जे खेळ तयार करतात त्यांना माझी विनंती आहे की, श्रेयनामावलीत ‘अभिजात संगीत’ असा ठोकळेबाज शेरा मारून मोकळे होऊ नये; रचना, क्रमांक, रचनाकार, संयोजक आणि वादक ही पाच नावे पूर्ण लिहावीत. त्यांना पडद्यावर दोन ओळींहून अधिक जागा लागत नाही.